तापल्या तव्यावर गार पाणी

आत्याच्या खिडकीसमोर सकाळी जी रांग लागायची तिच्यात दोन प्रकारची माणसं असत. एक भुकेली, आणि दुसरी आत्याचं बोलणं ऐकायला आलेली. भुकेल्यांना ऑम्लेट-पाव आणि बटाट्याचे कुरकुरीत काप मिळायचे. दुसऱ्यांनाही तेच मिळायचं, वर चार शब्द फुकट.

गल्ली उताराची, आणि आत्याचं घर अगदी वरच्या टोकाला. स्वयंपाकघराची खिडकी सरळ रस्त्यावर उघडायची आणि शेगडी खिडकीला चिकटून होती, त्यामुळे फोडलेलं अंडं कुणाच्या वाटचं आहे हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसे. उताराच्या तळाशी कुणीतरी कधीतरी भिंत बांधायची म्हणून वाळूचा ढीग टाकला होता. भिंत काही झाली नाही. ढीग राहिला आणि मांजरांची सोय झाली.

खरं तर ती एकाच मुलीची आत्या. भावाची ही लेक तिच्याकडेच राहायची आणि दातांच्या दवाखान्यात कामाला होती. लहानपणी ही भाची खिडकीत उभी राहून दिवसभर ‘आत्या, आत्या’ असा घोष करायची, तो गल्लीने उचलला तो उचललाच. आत्याहून वयाने मोठे असलेले पोस्टमनसुद्धा तिला आत्या म्हणत आणि वर घाबरतही असत.

घाबरायचं कारण तवा. आत्याचा दांडीचा बिडाचा तवा काळाकुळकुळीत, आरशासारखा गुळगुळीत, आणि इतका जड की भाचीला तो दोन्ही हातांनी उचलावा लागे. तो आत्याच्या वडलांनी स्वतः ओतलेला होता. ते बिडाच्या कारखान्यात साचे भरत. गटाराची झाकणं, यंत्रांचे पाय, असलं काहीबाही तिथे निघे. एकदा ओतकाम संपल्यावर थोडा रस उरला, तेव्हा त्यांनी वाळूत लेकीसाठी तव्याचा साचा केला. वाळू दाबताना दांडीखाली त्यांचा अंगठा जरा जास्त रुतला आणि तो तसाच बिडात उतरला. तवा उचलला की आत्याचं बोट नेमकं त्या उंचवट्यावर येई. वडील जाऊन जमाना झाला, कारखान्याच्या जागी तयार कपड्यांचं दुकान आलं, पण रोज सकाळी पहिलं अंडं फोडायच्या आधी आत्या तो अंगठा चाचपून घेई. त्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

या तव्यापायी तिने सगळ्या गल्लीला शिस्त लावली होती. कुणाचा तवा गंजला, कुणाला अंडं चिकटलं, की तो खिडकीशी हजर व्हायचा. आत्या आधी उलथण्याने तव्यावर एक टोला मारी. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा गेला. मग चौकशी. घासलास कशाने? जाडं मीठ का नाही घेतलंस? धुतल्यावर शेगडीवर वाळवलास का? तेल किती लावलंस? तेलाच्या बाबतीत तिचा नियम असा, की लावायचं आणि मग लावलंच नव्हतं असं समजून पुसून काढायचं. रांग तिष्ठत राहायची, पण ‘आत्या, लवकर’ म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

शिंपीणबाईंचा किस्सा तर अजून सांगितला जातो. आत्याच्या समोरच त्यांचं शिलाईचं दुकान. एकदा त्यांनी जळता तवा नळाखाली धरला, तो तडकला, आणि तो घेऊन त्या बिचाऱ्या खिडकीशी आल्या. आत्याने टोला मारला. बद्द. मग भर रांगेत आत्या म्हणाली, “तापल्या बिडावर गार पाणी ओतणारा माणूस एक तर डोक्याने अधू असतो, नाहीतर प्रेमात पडलेला असतो. तुम्ही यातल्या कोण?”

“इश्श, लेकाचं लग्न झालंय माझ्या, प्रेमात कशाला पडू?” शिंपीणबाई गडबडून बोलून गेल्या.

झालं! राहिला एकच पर्याय. रांग हसून हसून लोळायची बाकी होती. शिंपीणबाईंनी ऑम्लेट खाणं काही सोडलं नाही, पण ते बोलणं त्या विसरल्याही नाहीत.

आत्याने स्वतः लग्न केलं नव्हतं. तरुणपणी दोघातिघांनी विचारलं होतं. त्यातल्या एकाने पहिल्याच भेटीत तवा उचलून पाहिला आणि म्हणाला, “बीड फार जड हो. आमच्याकडे सगळी न चिकटणारी भांडी आहेत.” आत्या म्हणाली, “जे चिकटत नाही ते टिकत नाही,” आणि त्याला वाटेला लावलं. आत्याच्या तव्यालाही काही चिकटत नाही, हा मुद्दा त्या बिचाऱ्याला वेळेवर सुचला नाही. तिला त्याचं कधी दुःख झालं नाही. वडलांचं दुखणं, मग भाचीचं शिक्षण, खिडकी, रांग, असं करता करता केस पांढरे झाले आणि तिने तो विषय फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिला.

आणि मग ब्रेकमास्तर आले. आले म्हणजे काय, आत्यानेच त्यांना घरंगळवलं.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, म्हणून हे नाव. स्वभावही तसाच: दोन शब्द बोलायचे आणि थांबायचे. एका सकाळी त्यांची गाडी आत्याच्या घराच्या जरा पुढे उतारावर उभी होती. चालकाच्या जागी औषधवाल्याची सासू, पहिलाच धडा, आणि मास्तर तिला आरसा समजावून सांगत होते. आत्याचं लक्ष मागच्या चाकाकडे गेलं. चाकाखाली अडण म्हणून एक बिडाचा तवा घातलेला!

आत्या एप्रनसकट धावली. “अरे, काय माणसं आहेत की कोण!” असं ओरडत तिने दांडी धरली, पाय चाकाला लावला आणि तवा ओढून काढला. गाडी एक क्षण विचारात पडली आणि मग निघाली. औषधवाल्याची सासू किंचाळली आणि तिने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबला, गाडी थांबवली, खाली उतरले आणि उतार चढून वर आले. चेहऱ्यावर राग नाही, घाम नाही.

“बाई,” ते म्हणाले, “तो आमचा हँडब्रेक होता.”

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती तव्यावर टोले मारत होती. “ऐका, ऐका! एवढं वजन खाऊन वाजतोय कसा! कुणाचा हा?”

“बायकोचा.” मास्तर थांबले. “ती गेल्यापासून पडून होता.”

“म्हणून चाकाखाली घालायचा? जप्त! हँडब्रेक दुरुस्त करा आणि हा सांभाळायला शिका. त्याशिवाय मिळणार नाही.”

दुसरा कुणी असता तर भांडला असता. मास्तर पुढच्या सुट्टीला हँडब्रेक दुरुस्त करून, हात स्वच्छ धुऊन मागच्या दाराशी शिकायला हजर. दुनियेला शिकवणारा माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मुकाट बसला. गंज खरवडताना बोटं सोलून घेतली. पहिल्यांदा तेल इतकं ओतलं की तवा चिकटपट्टीसारखा झाला आणि त्यावर एक माशी कायमची मुक्कामाला आली. आत्याने तवा पुन्हा घासायला लावला. आच कशी धरायची ते सांगितलं तेव्हा मास्तर जरा वेळ विचार करून म्हणाले, “म्हणजे क्लच अर्धा.” आत्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे कळलं. ती त्या दिवशी येता-जाता ‘क्लच अर्धा, क्लच अर्धा’ म्हणत हसत होती, आणि भाची तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

उन्हाळा गेला, थंडी आली, थंडी गेली. मास्तरांचा तवा असा झाला की अंडं त्यावर नुसतं घसरगुंडी खेळे. आत्याने टोला मारला, बोट फिरवलं, आणि दोष सापडेना म्हणून नाइलाजाने म्हणाली, “घेऊन जा आता.” मास्तर तवा घेऊन गेले. त्या रात्री जेवताना आत्याला जेवण बेचव लागलं आणि तिने त्याचा राग मिठाच्या डब्यावर काढला.

दोनच दिवसांनी रांग संपत आली असताना मागचं दार वाजलं. मास्तर. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हात रिकामे. आत्या तवा पुसण्याआधी तो कडकडीत तापवत होती, त्यातून धूर निघायला लागला होता.

“बाई, तवा मिळाला,” मास्तर म्हणाले. थांबले. “आता इथे यायला कारण उरलं नाही.” पुन्हा थांबले. “लेक तिच्या गावी बोलावतेय. रविवारी जायचं म्हणतो.”

“बरं,” आत्या म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आला.

“पण तुम्ही माझ्याशी लग्न करणार असाल,” मास्तर म्हणाले, “तर नाही जाणार.”

आत्याच्या कानांत एकदम शिट्या वाजायला लागल्या. हातांना काहीतरी काम हवं म्हणून हातांनी काम शोधलं. फडक्याने दांडी धरली, तवा उचलला, वळून नळाखाली नेला आणि नळ सोडला.

चर्रर्र झालं, वाफेचा लोट उठला, आणि त्या वाफेतून आवाज आला: तड्!

खिडकीबाहेरून कुणीतरी विचारलं, “आत्या, काय पडलं?”

“ताटली!” आत्या ओरडली. मग मोरीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून ती मास्तरांसमोर उभी राहिली. मागचा तवा त्यांना दिसू नये एवढंच तिच्या डोक्यात होतं. “जा! जा म्हणते ना! आत्ताच्या आत्ता जा तुम्ही!”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले, आणि दार हळू लावून घेऊन निघून गेले.

मग ती वळली. तव्याच्या काठापासून मध्यापर्यंत केसाएवढी चीर गेली होती. तिने उलथण्याने हलकेच वाजवून पाहिलं. बद्द. आत्या खाली फरशीवर बसली आणि तवा मांडीवर घेऊन रडली. वडलांचा तवा! त्यांचा अंगठा होता तिथेच होता, आणि वर ही चीर. रडता रडता मध्येच तिला आठवलं की आपल्याला कुणीतरी लग्नाचं विचारलंय, आणि तिला हसू फुटलं. हसण्याची तिला लाज वाटली, म्हणून ती पुन्हा रडली. असा तो दुपारभर ऊनपावसाचा खेळ चालला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने तवा शालीत गुंडाळून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भाचीचं न चिकटणारं पातळ भांडं शेगडीवर चढवलं. ऑम्लेटं फिकट, काप गिळगिळीत. रांगेत कुजबूज सुरू झाली.

“तवा कुठंय, आत्या?” पोस्टमनांनी विचारलं.

“मुरायला ठेवलाय.”

“मुरायला?” शिंपीणबाईंनी मान वाकडी करून विचारलं. “तुमचा तवा? तो तर तुमच्याहून जास्त मुरलाय.”

आत्याने त्यांना मोठा काप वाढला आणि तोंड बंद केलं, म्हणजे शिंपीणबाईंचं.

मास्तर मात्र आले नाहीत. त्यांनी सामान बांधायला घेतलंय, अशी खबर रांगेतूनच आली. आत्याला वाटलं, जाऊन सांगावं, की मी तुम्हाला घालवलं नव्हतं, मी तवा लपवत होते. पण तवा का लपवत होतात, असं ते विचारणार. मग तो कसा फुटला हे सांगावं लागणार, आणि ते एकदा तोंडातून निघालं की संध्याकाळपर्यंत शिंपीणबाईंच्या दुकानात पोचणार. सगळ्या गल्लीला ब्रह्मज्ञान शिकवलं आणि आपण कोरडे पाषाण! नको, नको. मग रविवार आठवायचा, आणि पुन्हा जाऊन सांगावंसं वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी भाचीने कपाटातून शाल ओढली आणि तवा तिच्या पायावर पडता पडता वाचला. तिने तो उजेडात धरला. चीर पाहिली.

“आत्या, हा तडकला कसा?”

“जुना झाला होता.”

“बीड जुनं होऊन तडकत नाही. तूच सांगतेस.” भाची दातांच्या दवाखान्यात राहून चिरा ओळखायला शिकली होती. तिने चीर निरखली, मग आत्याचा चेहरा निरखला, आणि तिचा जबडा पडला. “गार पाणी? आत्या, तू? गार पाणी?”

आत्याने एप्रनमध्ये तोंड लपवलं.

“काय म्हणाले मास्तर?”

“मास्तरांचा काय संबंध?”

“आत्या.”

“लग्न म्हणाले,” आत्या एप्रनमधून म्हणाली.

भाचीने तवा पलंगावर टाकला आणि आत्याला धरून खोलीभर गरागरा फिरवलं. दोघींना चक्कर आली, एक खुर्ची आडवी झाली. “आणि तू काय उत्तर दिलंस?”

“तवा फोडला.”

“आणि?”

“त्यांना हाकललं.”

भाची आडव्या खुर्चीवरच बसली आणि हसता हसता तिला उचकी लागली. उचकीच्या मधून मधून ती म्हणाली, “उद्या जातील ते. आता तूच बघ, शिंपीणबाईंची भीती मोठी की हे मोठं.”

रविवारी सकाळी रांग नेहमीपेक्षा लांब होती. मास्तरांची गाडी चढावरून येऊन वरच्या टोकाला वळली, म्हणजे आता उतारावरून सरळ खाली आणि मग गावाबाहेर. टपावर गादी, मागे पेट्या. मास्तर स्वतः चालकाच्या जागी होते, शेजारच्या त्यांच्या नेहमीच्या सीटवर तवा होता, आणि त्यांनी त्याला पट्टा लावला होता. गाडी सावकाश खिडकीसमोरून निघाली. मास्तरांनी इकडे पाहिलं नाही.

आत्याने हातातलं पातळ भांडं टाकलं. कपाटाकडे धावली, तवा आणला, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि उलथण्याने तव्यावर सगळी ताकद लावून टोला हाणला.

बद्द!

असा आवाज त्या खिडकीतून कधी आला नव्हता.

“ऐकलंत?” आत्या ओरडली. “फुटलाय! मी फोडला! तापला होता, आणि मी नळाखाली धरला. गार पाण्याच्या!”

शिंपीणबाईंच्या हातातला पाव खाली पडला. किती तरी वर्षं त्या या सकाळची वाट बघत होत्या, आणि ती आली तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी घाईघाईने गिळला.

“आत्या,” त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “तुम्हीच म्हणाला होता. तापल्या बिडावर गार पाणी ओतणारा माणूस एक तर डोक्याने अधू असतो. नाहीतर… दुसरं काय ते?” सगळी रांग आत्याकडे बघत होती. जेमतेम सरकत असलेल्या गाडीची काच खाली होती. “मग तुम्ही यातल्या कोण?”

आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने तवा छातीशी धरला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “डोक्याने मी ठणठणीत आहे!”

एक क्षण कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग औषधवाल्याची सासू “अगं बाई!” म्हणाली, पोस्टमनांनी टोपी काढली, आणि गाडीचा ब्रेक असा करकचून लागला की टपावरची गादी सुटून बॉनेटवर आली. मास्तरांनी आयुष्यात कधी असा ब्रेक लावला नव्हता. दार उघडून ते उतरले, पुन्हा आत वाकले, तव्याचा पट्टा सोडताना त्यांची बोटं घसरत होती. तवा घेऊन ते जवळजवळ धावत खिडकीशी आले.

“म्हणजे,” त्यांनी विचारलं, “हो?”

“वडलांचा तवा फोडला मी तुमच्यापायी. अजून काय सांगायचं राहिलंय?”

मास्तरांनी खिडकीच्या चौकटीवर आपला तवा ठेवला. आत्याने सवयीने टोला मारला. खण्ण! तिने बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. “तेल जास्त झालंय,” ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. “शिकवलेलं सगळं पाण्यात.”

“मास्तर,” पोस्टमन हळूच म्हणाले, “गाडी.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. बॉनेटवर गादी घेऊन गाडी आपली आपण उतारावरून चालली होती, फार घाई न करता, दोन्ही बाजूंची माणसं बघत बघत जावं तशी. हँडब्रेक दुरुस्त होता, पण तो ओढायला हवा होता, आणि ब्रेकमास्तर तो ओढायचा विसरले होते. आत्याने गाडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि तिच्या मनावरचा दगड उतरला. म्हणजे डोकं एकट्या तिचंच गेलं नव्हतं!

“जाऊ दे,” मास्तर म्हणाले. “खाली वाळू आहे.”

गाडी वाळूत शिरली, मांजरं चहूकडे पांगली. रांगेने टाळ्या वाजवल्या.

वडलांचा तवा भाचीने खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवला, दांडीची मागची बाजू पुढे करून, म्हणजे अंगठा आत्याला हाताशी राहील. आत्याने तो चाचपला. मग मास्तरांचा तवा शेगडीवर ठेवला, जास्तीचं तेल पुसलं आणि पहिलं अंडं फोडलं. या दांडीखाली उंचवटा नव्हता, बोट क्षणभर भांबावलं, मग त्याने आपली जागा शोधली. अंडं चिकटलं नाही. पहिलं ऑम्लेट तिने शिंपीणबाईंना वाढलं आणि पैसे घेतले नाहीत. शिंपीणबाईंनी ते मुकाट्याने खाल्लं, आणि त्यांचेही डोळे ओले झाले, पण त्या म्हणाल्या मिरपूड जास्त पडलीय.

मास्तर खिडकीवर कोपर टेकून बघत होते. आत्या गुणगुणत होती. तिने तवा उचलला, तव्यातून धूर निघत होता, आणि मास्तरांकडेच बघत, हसत, तशीच नळाकडे वळली.

“ब्रेक!” सगळी रांग एका आवाजात ओरडली.

आत्या थांबली. नळ अजून बंद होता.